होडी घेणे सोपे, बांधून ठेवणे अवघड

कोल्हापुरात समुद्र नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे पंचगंगा आणि रंकाळा. मग व्यापार-उदिमाच्या या पानावर शिडाच्या होडीचा आणि तिच्या बंदरभाड्याचा विषय कशाला, असे वाचक बंधूंना वाटेल. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, आंबा घाट किंवा गगनबावडा उतरला की आपण कोकणात पोहोचतो. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे येथे पर्यटकांची गर्दी वाढल्यापासून घाटावरील काही व्यापारी बांधव आपली शिल्लक कोकणातील नातलगांच्या किंवा ओळखीच्या लोकांच्या होडीत गुंतवण्याचा विचार करतात. "तीन लाखांत होडी येते, वर्षाला दीड लाख सुटतात," असे बोल कानी पडले की कोणाचेही मन चाळवते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दुकान, यंत्र, टेम्पो यांच्या व्यवहारात जो नियम डोळ्यांआड राहतो तो होडीच्या बाबतीत उघडउघड दिसतो. नियम साधा आहे: वस्तूची किंमत एकदा द्यावी लागते, ती वस्तू ठेवण्याची किंमत रोज द्यावी लागते. पहिली किंमत सर्वजण विचारतात, दुसरी फार थोडे विचारतात.

म्हणून या लेखात आम्ही आधी जगात लहान होडी ठेवण्याचा खर्च का वाढला ते पाहू, मग आपल्या किनाऱ्याकडे वळू, त्यानंतर हिशेब मांडू आणि शेवटी भागीदारी व जकात यांविषयी शरीअतचे नियम पाहून तो धडा आपल्या गाळ्यांना आणि कारखान्यांना लावू.

मरिना म्हणजे काय?

युरोप-अमेरिकेत हौशी लोकांच्या लहान शिडाच्या होड्या ज्या बंदरात भाड्याने बांधून ठेवतात त्याला मरिना म्हणतात. पाण्यावरचा वाहनतळच म्हणा ना! लाटांपासून बचाव करणारा बांध, तरंगते धक्के, वीज, पाणी, पहारा आणि होडी उचलून जमिनीवर ठेवणारी यारी अशी तेथे सोय असते. भाडे बहुधा होडीच्या लांबीवर, फुटामागे आकारले जाते. त्याशिवाय वीज, पाणी, होडी वर काढणे, तळ खरवडून शेवाळ व शिंपले न धरणारा रंग लावणे आणि विमा यांचे पैसे वेगळे.

हे भाडे वाढत जाण्यामागे कारणांची साखळी आहे. पहिली कडी जागेची. लाटांपासून सुरक्षित असे पाणी निसर्गाने मोजकेच दिले आहे. नवा बांध घालण्यास मोठे भांडवल लागते आणि पर्यावरणाच्या परवानग्यांना वर्षे लागतात. होड्या कारखान्यात हव्या तितक्या बनतात. त्या बांधायची जागा मात्र कारखान्यात बनत नाही. दुसरी कडी किनाऱ्याच्या जमिनीची. जेथे होडी दुरुस्तीची वखार होती तेथे घरे आणि हॉटेले बांधली तर मालकाला जास्त पैसे मिळतात. तिसरी कडी गाळाची. बंद पाण्यात गाळ साठतो, तो ठरावीक काळाने उपसावाच लागतो आणि उपशाचा खर्च शेवटी भाड्यातच येतो. चौथी कडी वादळांची. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात २०२२ च्या सप्टेंबरात इयान नावाचे चक्रीवादळ आले आणि किनाऱ्यावरील असंख्य होड्यांचा चुराडा झाला. अशा प्रत्येक वादळानंतर विमा कंपन्या हप्ता वाढवतात, अटी कडक करतात आणि जुन्या होड्यांचा विमा उतरवायला नाखूश होतात. विम्याचा कागद नसेल तर मरिना होडीला जागा देत नाही.

पाचवी कडी व्यापाऱ्याने नीट समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत पूर्वी बहुतेक मरिना एकेका कुटुंबाच्या मालकीच्या असत. पुढे मोठ्या भांडवलाने त्या विकत घेण्यास सुरुवात केली. शंभराहून अधिक मरिना ताब्यात असलेली सेफ हार्बर नावाची कंपनी २०२० साली सुमारे २ अब्ज १० कोटी डॉलरला विकली गेली. तीच कंपनी २०२५ साली ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक संस्थेने ५ अब्ज ६५ कोटी डॉलरला घेण्याचे ठरवले. दोन विक्रींच्या दरम्यान कंपनीने नव्या मरिना जोडल्या हे खरे, पण एवढे भांडवल वाहनतळासारख्या धंद्यात का शिरते? कारण गिऱ्हाईक बांधलेले असते. किराणा महाग झाला तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. होडीवाल्याने जायचे कोठे? शेजारच्या मरिनात वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी, आणि होडी काही उचलून घरच्या अंगणात नेता येत नाही. ज्याला जाण्यास दुसरी जागा नाही त्याच्याकडून भाडे वाढवून घेणे सर्वांत सोपे असते.

या साखळीत लहान शिडाची होडी आधी सापडते. धक्क्याच्या त्याच जागेत लांब, श्रीमंती यंत्रनौका बांधली तर मालकाला जास्त भाडे मिळते. परिणाम असा झाला की जुनी फायबरची होडी तिकडे जवळजवळ फुकट मिळते, पण ती बांधून ठेवण्याचे एका वर्षाचे भाडे तिच्या किमतीहून जास्त भरते. फायबर कुजत नाही, त्यामुळे १९६० आणि १९७० च्या दशकांतील होड्या अजून तरंगत आहेत आणि मालक त्या टाकून निघून जातात. फ्रान्समध्ये तर जुन्या हौशी होड्या मोडीत काढण्यासाठी २०१९ पासून स्वतंत्र संस्था काम करते आहे. फुकट मिळालेली वस्तू सर्वांत महाग पडू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

आपल्या किनाऱ्यावर काय?

आपल्या देशात अशा मरिना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. कोचीजवळ बोलगट्टी बेटावर केरळच्या पर्यटन महामंडळाची मरिना आहे. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, परंतु गेटवे ऑफ इंडियासमोरच्या हौशी होड्या धक्क्याला नव्हे, पाण्यात नांगरलेल्या बोयाला बांधलेल्या असतात आणि पावसाळ्यापूर्वी लहान शिडाच्या होड्या वर काढाव्या लागतात. त्यातच करही वाढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या व खेळाच्या नौकांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला, तर मासेमारीच्या नौकेवर तो ५ टक्के आहे. पाणी तेच, पण होडी कशासाठी घेतली यावर कर ठरतो. म्हणून बिलावर होडीचा कोणता प्रकार लिहिला आहे हे खरेदीपूर्वीच तपासावे.

कोकणच्या मुसलमानांचे आणि शिडाच्या होडीचे नाते फार जुने आहे. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग या बंदरांतून पडाव, मचवे, गलबते मुंबईपर्यंत जात. मीठ, कौले, लाकूड, भात, आंबा असा माल ती वाहत. तांडेल आणि खलाशी यांत मुसलमानांची संख्या मोठी होती. मासेमारीत दालदी समाज पिढ्यान्पिढ्या आहे. त्या काळी होडी ठेवायला भाडे पडत नसे असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. मे महिना सरता सरता सारी वस्ती मिळून होडी वाळूवर ओढून घेई, झावळ्यांनी शाकारी, फळ्यांच्या फटींत सूत व राळ भरी, बाहेरून माशाचे तेल चोपडी. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून वाचवायला होडीचा तळ पुन्हा पुन्हा कोरडा करावा लागे. खर्च होताच, तो पैशाने न देता घामाने दिला जाई. वाळू सर्वांची होती, हात घरचे होते, म्हणून वहीत आकडा पडत नसे.

आता वाळूच्या पट्ट्यावर हॉटेले आली. घरचे हात मुंबईला आणि आखाती देशांत गेले. होडी ओढायला ट्रॅक्टर लागतो, राखायला पगारी माणूस लागतो. मिरकरवाडा, हर्णै अशा बंदरांत यांत्रिक नौकांची दाटी झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोली परिसराला झोडपले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने देवगडकडे होड्यांचे नुकसान केले. सुरक्षित आडोशाची किंमत आपल्याकडेही कळू लागली. गाळाची गोष्ट तर आपल्या इतिहासातच आहे. राजापूर सतराव्या शतकात इतके भरभराटीचे बंदर होते की इंग्रजांनी तेथे वखार घातली होती. खाडी गाळाने भरत गेली आणि राजापूरचे बंदरपण संपले. पाण्याची देखभाल थांबली की व्यापार दुसरीकडे वाट काढतो.

सरकारी मदतीविषयीही एक खुलासा करतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांना होडीसाठी सर्वसाधारण गटात ४० टक्के व महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य ठेवण्यात आले. मदत चांगली आहे, पण ती होडी घेण्यासाठी आहे. घेतलेली होडी पुढे दहा वर्षे ठेवण्याचा खर्च घेणाऱ्याच्याच माथी असतो.

ठेव-खर्चाचा हिशेब

आता वही उघडू. पुढील आकडे आम्ही केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्येक ठिकाणचे दर वेगळे असतात; आपण आपले आकडे त्या जागी घालावेत.

समजा, पर्यटकांना फिरवणारी लहान होडी ३,००,००० रुपयांना घेतली. तिचा एका वर्षाचा ठेव-खर्च असा:

जागा व दोरखंड – १८,००० रुपये
राखणदाराचा वाटा – २४,००० रुपये
पावसाळ्यात वर काढणे व पुन्हा उतरवणे – ९,००० रुपये
रंग व दुरुस्ती – २२,००० रुपये
परवाना, तपासणी व विमा – १५,००० रुपये
दहा वर्षांनी नवी होडी घ्यावी लागेल म्हणून बाजूस काढावयाची रक्कम – ३०,००० रुपये
एकूण – १,१८,००० रुपये

होडी चालो वा न चालो, हा खर्च होणारच. डिझेल आणि मजुरी यात धरलेली नाही, कारण ती चालली तरच लागते.

आता दिवस मोजू. प्रवासी होड्या पावसाळ्यात, साधारणपणे मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, बंद असतात. २६ मे ते ३१ ऑगस्ट धरले तर ९८ दिवस गेले, उरले २६७. त्यातही गिऱ्हाईक येते ते शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत. समजा खरे कमाईचे दिवस १०० निघाले. १,१८,००० भागिले १००, म्हणजे कमाईच्या प्रत्येक दिवसावर ठेव-खर्चाचे ओझे १,१८० रुपये.

दिवसाची जमा २,५०० रुपये आणि डिझेल-मजुरी ९०० रुपये धरली तर हातात १,६०० उरतात. वर्षाचे झाले १,६०,००० रुपये. "वर्षाला दीड लाख सुटतात" ही वार्ता येथून निघते. ती खोटी नाही, अपुरी आहे. त्यातून १,१८,००० वजा करा. खरा नफा ४२,००० रुपये, म्हणजे दिवसाला ४२०. दोघे निम्मे भागीदार असतील तर प्रत्येकी २१,०००. कोणी तीन लाखांवर निम्म्याहून अधिक परतावा समजून पैसे घालतो. प्रत्यक्षात साऱ्या धंद्याचा नफा १४ टक्के असतो आणि तोही वाटायचा असतो.

हंगाम मंद गेला आणि कमाईचे दिवस ७० वर आले तर? ठेव-खर्च तेवढाच, पण दिवसावरचे ओझे सुमारे १,६८६ रुपये. हातात १,६०० येतात, म्हणजे दररोज ८६ रुपये पदरचे. होडी चालते आहे, गिऱ्हाईक चढते आहे आणि मालक बुडतो आहे.

आणि खर्च वाढत गेला तर? नव्या होडीसाठी काढलेले ३०,००० सोडून बाकीचे ८८,००० दरवर्षी १२ टक्क्यांनी वाढले असे धरा. सहा वर्षांत ते जवळपास दुप्पट, म्हणजे १,७६,००० च्या घरात जातील. एकूण २,०६,०००. कमाईच्या दिवसावर २,०६० रुपये. तोच ४२० रुपयांचा नफा टिकवायचा तर दिवसाला १,६०० ऐवजी २,४८० हातात उरले पाहिजेत. भाडे वाढवून १,६०० चे २,००० झाले तरी रोज ६० रुपये तोटाच. भाडे गिऱ्हाईकाच्या खिशाकडे पाहून वाढवावे लागते. जागेचा मालक मात्र आपल्या खिशाकडे पाहत नाही. लहान होडीवाला या दोहोंच्या मध्ये चिरडला जातो.

भागीदारीत भांडण कोठे होते?

भागीदारी तुटते ती सहसा नफ्याच्या वाट्यावरून नव्हे. निम्मा की तिसरा हिस्सा हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते. भांडण होते ते पावसाळ्यात, होडी वर काढलेली असताना, रंगाचे आणि राखणदाराचे पैसे कोणी द्यायचे यावरून. घाटावरचा भागीदार म्हणतो, "होडी तुझ्या हातात, तू बघ." कोकणातला म्हणतो, "होडी तुमची, मी तर राबणारा." दोघेही प्रामाणिक, आणि तरी नाते तुटते. इस्लामी फिक्हने या प्रश्नाची उत्तरे शतकांपूर्वी दिली आहेत. त्यांतील मोटे नियम असे.

इजारा, म्हणजे भाड्याने देणे. होडी एकाची, चालवणारा ठरावीक भाडे देतो. यात वस्तू वापरण्यालायक ठेवण्याची मोठी दुरुस्ती मालकाकडे आणि चालवण्याचा रोजचा खर्च भाडेकरूकडे. भाडेकरूच्या हलगर्जीपणाशिवाय होडी बुडाली तर नुकसान मालकाचे. वस्तूचा उपयोग घेणेच अशक्य झाले असेल त्या काळाचे भाडे मागता येत नाही. म्हणून पावसाळ्याचे महिने करारात आधीच वगळावेत.

मुशारकत, म्हणजे दोघांची मालकी. दोघांनी पैसे घालून होडी घेतली. ठेव-खर्च आधी जमेतून वजा होईल, उरेल तो नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जाईल आणि तोटा मात्र ज्याचा जेवढा पैसा तेवढा. नफ्याचे प्रमाण राजीखुशीने ठरते, तोट्याचे भांडवलाने.

मुदारबत, म्हणजे एकाचा पैसा, दुसऱ्याचे श्रम. प्रेषितत्वापूर्वी हजरत मुहम्मद (स.) हजरत खदीजा (र.) यांच्या भांडवलावर व्यापाराला गेले, तो प्रकार याच जातीचा होता. यात तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा जातो आणि राबणाऱ्याचे श्रम जातात. राबणाऱ्याकडून तोटा भरून घेता येत नाही, तो निष्काळजी वागला असेल तर गोष्ट वेगळी.

येथे एक बारकावा आहे. रोख रक्कम न देता थेट होडीच दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि रोजच्या कमाईत हिस्सा घ्यायचा, हा प्रकार आपल्या किनाऱ्यावर सर्रास आहे. फुकहांमध्ये याविषयी मतभेद आहे. हंबली मसलकात त्याला परवानगी आहे. इतर बहुतेक फुकहांनी तो करार योग्य मानलेला नाही. कोकणचे बांधव शाफई आणि घाटावरचे आपण बहुतांशी हनफी. म्हणून असा करार करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी जाणत्या मुफ्तींचा सल्ला घ्यावा, किंवा तोच व्यवहार इजारा वा मुशारकतीच्या चौकटीत बसवावा. विम्याचा प्रश्नही असाच विचारून घ्यावा, कारण कायद्याने सक्तीचा विमा आणि हौसेने घेतलेला विमा यांत उलमा फरक करतात.

एक गोष्ट मात्र नि:संशय आहे. "माझे तीन लाख घे, होडी चालो न चालो, मला महिन्याला पाच हजार दे आणि मुद्दल सुरक्षित ठेव," हे कोणत्याही नावाने केले तरी ते व्याज आहे. ज्याला ठेव-खर्चाचा आणि बुडण्याचा वाटा नको त्याला नफ्याचाही हक्क नाही. आणि लिहून ठेवण्याविषयी सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत दिलेला आदेश आपण सर्वजण जाणतो. ओळखीच्या माणसाशी लिहून काय घ्यायचे, हा संकोच सोडावा. ओळख टिकवायची म्हणूनच लिहायचे असते.

होडीवाला गरीब असू शकतो

कुरआनमध्ये सूरह कहफमध्ये एका होडीचा उल्लेख येतो. ती समुद्रात काबाडकष्ट करणाऱ्या मिस्कीन लोकांची होती. पुढे एक जुलमी राजा चांगल्या होड्या हिसकावून घेत होता, म्हणून तिला मुद्दाम खोट आणण्यात आली, जेणेकरून ती मालकांकडेच राहावी. या प्रसंगावरून इमाम शाफई (रह.) यांनी असा अर्थ घेतला की मिस्कीनाजवळ काही मालमत्ता असू शकते, कारण होडी असूनही त्या लोकांना मिस्कीन म्हटले गेले, फकीर त्याहून हलाखीत असतो. हनफी फुकहांनी उलट अर्थ घेतला आणि ती होडी भाड्याची किंवा उसनी असावी, असे स्पष्टीकरण दिले. वाद विद्वानांचा आहे, पण व्यापाऱ्याला त्यातून एक सत्य दिसते. दारात होडी बांधलेली आहे म्हणून माणूस श्रीमंत ठरत नाही. मालमत्ता आणि कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहल्ल्यात मदत वाटताना "त्याच्याकडे तर टेम्पो आहे, यंत्र आहे" असे म्हणून एखाद्याचे नाव वगळण्यापूर्वी त्याचा ठेव-खर्च आणि कर्ज यांचीही चौकशी करावी.

जकातीचा नियमही याला धरूनच आहे. धंद्याचे साधन असलेल्या होडीच्या, यंत्राच्या किमतीवर जकात नाही. तिच्या कमाईतून शिल्लक राहून निसाबास पोहोचलेल्या आणि वर्ष झालेल्या रकमेवर आहे. मात्र होडी विकण्यासाठीच घेतली असेल तर ती व्यापारी माल ठरते आणि तिच्या बाजारभावावर जकात द्यावी लागते.

आता आपल्या गाळ्यात पाहू

समुद्रावरचा हा हिशेब घाट चढून कोल्हापुरात आणला की आपलीच वही ओळखीची वाटू लागते. मरिनाच्या जागी बाजारपेठेतील गाळा ठेवा. दुकानातील माल कमी-जास्त करता येतो, पण मोक्याची जागा महाद्वार रोडला, लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत आहे तेवढीच आहे. महापालिकांच्या गाळ्यांचे भाडे रेडी रेकनरच्या दराशी जोडण्यावरून राज्यातील अनेक शहरांत वाद झाले. त्यामागे हेच तत्त्व आहे: जमिनीचा भाव वाढला की भाडे वाढते, मग तुमची विक्री वाढो की न वाढो. जो गाळेधारक गिऱ्हाईक हलवू शकत नाही तो मरिनात अडकलेल्या होडीसारखा असतो.

चप्पल कारागिराने हप्त्यावर घेतलेले यंत्र वर्षात किती दिवस चालते? उद्यमनगरातील लेथ किती तास रिकामा उभा असतो? लग्नसराईपुरता लागणारा मंडप, भांडी, टेम्पो उरलेले आठ महिने कोठे ठेवायचा आणि कोणत्या भाड्याने? चार घरांनी मिळून एकच यंत्र घेतले तर दिवस भरतील का? होडीवाल्याला शंभर दिवसांचा हिशेब भाग पाडतो. आपल्याला कोणी भाग पाडत नाही, म्हणून आपण तो करत नाही.

खरेदीपूर्वी विचारायचे सात प्रश्न

१. ही वस्तू कोठे ठेवणार? ती जागा स्वतःची, भाड्याची की कोणाच्या मेहेरबानीची?

२. वस्तू एक दिवसही न वापरता वर्षाला किती खर्च येईल? प्रत्येक बाब वेगळी लिहा.

३. वर्षातील खरे कमाईचे दिवस किती? अंदाज न करता ज्यांचा धंदा चालू आहे अशा दोघातिघांना विचारा आणि सर्वांत कमी आकडा धरा.

४. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला तिसऱ्याने भागा. तेवढे रोज सुटते का?

५. जागेचे भाडे सहा वर्षांत दुप्पट झाले तर धंदा टिकेल का? भाडेवाढीची अट करारात लिहिली आहे का?

६. जागा सोडायची वेळ आली तर वस्तू उचलून दुसरीकडे नेता येते का? नेता येत नसेल तर घासाघीस आजच, पैसे हाती असतानाच करा.

७. भागीदार असेल तर ठेव-खर्च कोणाकडे, रिकाम्या महिन्यांत काय आणि भागीदारी मोडली तर वस्तूची किंमत कोण ठरवणार, हे कागदावर आहे का?

या सात प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली तर होडी घ्यावी, दुकान घ्यावे, यंत्र घ्यावे. उत्तरे न आल्यास पैसा हाती राहिला हीच कमाई समजावी. मालकीची हौस ही हलाल गोष्ट आहे. पण जी वस्तू घरच्यांच्या तोंडचा घास काढून आपली जागा राखते ती मालमत्ता नसून ओझे आहे.

आमची विनंती एवढीच की येत्या आठवड्यात प्रत्येक व्यापारी व कारागीर बांधवाने आपल्या धंद्यातील एक वस्तू निवडावी, तिचा वर्षाचा ठेव-खर्च एका कागदावर लिहावा आणि कमाईच्या दिवसांनी भागावा. एक कागद आणि अर्धा तास लागेल. बरकत अल्लाह देतो; हिशेब ठेवण्याची जबाबदारी त्याने आपल्यावर टाकली आहे.